फौजेतून आल्यावर उडालेली झोप

ताई, वडील रिटायर होऊन आल्यापासून रात्रभर जागतात आणि डॉक्टरचं नाव काढलं की "मी काय वेडाय का?" म्हणून भडकतात, असं तुम्ही वर लिहिलंय. आमच्या मामांचंही तसंच. रात्री उठून उठून दाराची कडी चाचपायचे, मामी जागीच. बीपी-शुगर तपासायच्या निमित्ताने वडिलांना आपल्या सोलापूरच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला न्या, झोपेचा विषय तिथेच काढा. मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफर तिथूनच करतात. तोवर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलासाठी त्यांचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय) सुरू झाला. फोन आईनेही करावा, तिचीही झोप गेलीच असणार (तिला कोण विचारतंय म्हणा!). ईसीएचएस कार्ड तिचंही काढलंय ना, तेवढं आधी बघा.