विषय: स्मरणिकेतला धावपटूंचा तक्ता – अल्ट्रावाल्यांचं (मॅरेथॉनपेक्षा लांब पळणाऱ्यांचं) काय करायचं?

स्मरणिका समिती (दादर)
मंडळी, गुरुवारी संध्याकाळी पानं गिरगावला छपाईला द्यायची आहेत आणि हा तक्ता अजून अडलाय. रकाने तीनच: नाव, अंतर, लागलेला वेळ. हाफ आणि फुल मॅरेथॉनवाले नीट बसले. मुलुंडच्या वहिनींनी मात्र ८२ किमी, १२ तास असं कळवलंय. त्यांना १०० किमीच्या गटात घालून पुढे 'अपूर्ण' लिहू का? आजच सांगा.

ठाण्याची ताई
'अपूर्ण' अजिबात लिहू नका! वहिनी स्टेडियम रनला पळाल्या. तिथे वेळ ठरलेला असतो, अंतर नाही. १२ तास संपले की थांबायचं, आणि सगळ्यात जास्त अंतर कापेल तो पहिला. लिथुआनियाचा धावपटू सोरोकिन याने २०२२ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाला २४ तासांत ३१९.६१४ किमी कापून विश्वविक्रम केला, तोही असाच मोजलेला. १०० किमीच्या शर्यतीत उलटं, अंतर ठरलेलं आणि कमी वेळ घेईल तो पुढे. दोन तक्ते कराच. शिवाय ४२.१९५ किमीच्या पुढचं सगळंच अल्ट्रा असलं, तरी ५० किमी आणि १०० मैल एका रांगेत नकोत. ५० किमी सकाळी निघून दुपारपर्यंत उरकतात. १०० मैल म्हणजे १६१ किमी. त्यात बहुतेकांची अख्खी रात्र जाते, झोप आणि पोट दोन्ही सांभाळावं लागतं.

पार्ल्याचे काका
अल्ट्राचं तुम्ही बघा. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमीच, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासूनचं अंतर आहे ते, १९२१ मध्ये कायमचं ठरलं. दरवर्षी जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमधल्या हौशी लोकांच्या ड्रीम रनची सहाएक किमी करून लोक 'मॅरेथॉन' म्हणून नाव देतात. परतीला पेडर रोडची चढण चढलेल्यांवर हा अन्याय आहे.

डोंबिवलीचा भाऊ
काका, अंतर लिहा, पण नावं गाळू नका. माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नऊवारी नेसून ड्रीम रन चालली, घरात अजून तिचा फोटो लावलेला आहे.
ताई, मग दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत कुठे? तिथेही १२ तासच ना?

ठाण्याची ताई
भाऊ, ते १२ तास म्हणजे कटऑफ. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गमधलं ९० किमीच्या आसपासचं अंतर त्या आत पार करायचं, नाहीतर पदक नाही. दिशा आलटूनपालटून असते, म्हणून चढाचं वर्ष की उताराचं तेही लिहा. हे अंतराच्या तक्त्यात जाईल. वहिनींचे १२ तास निराळे.

कोषाध्यक्ष (बोरिवली)
दोन तक्ते म्हणजे जादा पान, आणि ते पान जाहिरातीला दिलेलं आहे. मागच्या वर्षीही खेळ समितीने परस्पर ठरवलं होतं. मांडणी स्मरणिका समितीच ठरवेल.

स्मरणिका समिती (दादर)
जादा पान नको, एकाच पानावर दोन भाग करते. 'ठरलेलं अंतर' वर, 'ठरलेला वेळ' खाली. पहिल्यात ५० किमी, १०० किमी, १०० मैल अशा वेगळ्या ओळी. काका, ड्रीम रन त्याच नावाने शेवटी येईल.

मुलुंडच्या वहिनी
माझ्या ओळीत आधी १२ तास, मग ८२ किमी. आणि रात्रभर मीठ-लिंबू, उकडलेले बटाटे हातात देणाऱ्या सोबत्यांची नावंही हवीत, त्यांच्याशिवाय मी मध्यरात्रीच थांबले असते. माझ्या दोघांची नावं उद्या पाठवते.