फिशफाइंडरवर मासेच मासे, जाळ्यात काही नाही. कोणता व्ह्यू लावायचा?

आंभोरा_डोंगा
नमस्कार. मी नागपूरला नंदनवनात राहतो, पण गाव कुही तालुक्यात. बाबा आजही आंभोऱ्याजवळ, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये डोंगा घेऊन जातात. १९८८ ला धरणाची पायाभरणी झाली तेव्हा ते तरुण होते. त्यांना वैनगंगेचा एकेक डोह पाठ होता. आता त्यावर पाणी चढलंय, खाली बुडालेली झाडं आणि शेतांचे धुरे (बांध) आहेत. गेल्या उन्हाळ्यात तीन जाळी अडकून फाटली. एक तर आईनं अख्खा महिना बसून विणलं होतं.

म्हणून मी बोनसच्या पैशातून पाच इंची स्क्रीनचा जुना फिशफाइंडर घेतला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खालचं दाखवणारं यंत्र. त्यात साधा सोनार आणि डाऊन व्ह्यू (खालचं जास्त बारकाईनं दाखवणारं चित्र) आहे, जीपीएस नाही. स्क्रीनवर लहान-मोठ्या माशांची चित्रं भरभरून दिसतात. बाबांनी दोन दिवस त्यावर भरवसा ठेवून जाळी टाकली, दोन्ही दिवस रिकामी निघाली. तिसऱ्या दिवशी ते यंत्र घरी ठेवून गेले. मला फार लागलं ते. माझं काय चुकतंय?

गाळमोजणी
भाऊ, मी बरीच वर्षं जलाशयांतला गाळ मोजायच्या कामावर होतो, रोज नावेत हेच यंत्र समोर. आधी सेटिंगमध्ये जाऊन ती माशांची चित्रं बंद करा. पाण्यात अधांतरी काहीही सापडलं की यंत्र त्याला मासा ठरवतं. बुडालेल्या झाडाची फांदी, इकॉर्नियाची (जलपर्णीची) लोंबती मुळं, कुजलेल्या गाळातून सुटणारे बुडबुडे, सगळे त्याच्या लेखी मासेच. तुमच्याकडे नाग नदीचं पाणी येतं, त्यामुळे इकॉर्निया आणि गाळ दोन्ही भरपूर.

आता साधा सोनार लावा आणि एक गोष्ट बाबांना नीट समजावून सांगा. स्क्रीन म्हणजे पाण्याखालचा फोटो नाही. अगदी उजवी कड तेवढी आत्ताची, बाकी सगळं मागे सरकत गेलेलं. डावीकडे मासा दिसला म्हणून डोंग्याच्या डावीकडे जाळं टाकलं तर काय मिळणार?

यंत्राचा आवाज खाली जाताना शंकूसारखा पसरतो. बहुतेक साध्या यंत्रांत २०० किलोहर्ट्झ वारंवारतेला शंकू साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे २० फूट पाण्यात तळाशी ७ फुटांचं वर्तुळ. ८३ किलोहर्ट्झला तो ६० अंशांच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच खोलीवर २३ फूट. मासा त्या वर्तुळात कुठेही असला तरी स्क्रीनवर एकाच रेषेत येतो. मासा शंकूच्या कडेनं आत येतो, मधोमध जवळ होतो, पुन्हा लांब जातो, म्हणून त्याची कमान उमटते. कमान अर्धवट असली तरी चालेल, मासा कडेनं गेला असेल. तिरप्या वर चढणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर बहुतेक गाळातले बुडबुडे समजा.

तळाची रेघ जाड, ठळक आणि खाली तिची दुसरी सावली असेल तर जमीन कडक. पातळ, फिकट असेल तर गाळ. जाळ्याच्या दृष्टीनं मला मासे शोधण्यापेक्षा हे वाचणं मोलाचं वाटतं.

आंभोरा_डोंगा
काका, खूप आभार. पण बाबा बऱ्याचदा डोंगा एका जागी थांबवतात. तेव्हा कमानी दिसतच नाहीत, लांब आडव्या रेघा येतात.

गाळमोजणी
बरोबर आहे. डोंगा हलत नाही, मासाही खालीच उभा, मग कमान कशी होणार? आडवी रेघ म्हणजे तोच मासा वेळ काढतोय. झाडाची फांदीही तशीच रेघ काढते, म्हणून थांबलेल्या डोंग्यावरून झाड आणि मासा वेगळे करू नका. सावकाश वल्हवत त्याच जागेवरून दोनदा जा.

आणि तेव्हा स्क्रीन दोन भागांत करा, डावीकडे सोनार, उजवीकडे डाऊन व्ह्यू. डाऊन व्ह्यूचा आवाज पुढे-मागे अगदी पातळ पात्यासारखा जातो, म्हणून सोनारवर जो नुसता गोळा दिसतो त्याचं इथे खोड आणि फांद्या वेगळ्या होतात. ४५५ किलोहर्ट्झ खोल पोचतो, ८०० स्वच्छ दाखवतो. तुमच्या पाण्याला ८०० लावून बघा.

वल्हं_आणि_वारा
ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात आवाज सोडणारा भाग, कुठे बांधलाय तेही बघा भाऊ. आमच्याकडे तो वल्ह्याच्या बाजूला होता, प्रत्येक फटक्याला फेस खाली जाऊन स्क्रीन पांढरी व्हायची. बांबूला पक्का बांधून दुसऱ्या बाजूला, तोंड सरळ खाली ठेवलं, मग चित्र स्थिर झालं.

आंभोरा_डोंगा
रविवारी गेलो होतो. चित्रं बंद केली, स्क्रीन दोन भागांत केली. पहिला अर्धा तास बाबा काहीच बोलले नाहीत. मग तळाची रेघ एका ठिकाणी फूटभर उचलली, पुन्हा खाली गेली, आणि पुढे डाऊन व्ह्यूत दोन फाट्यांचं खोड आलं. बाबांनी हातातलं वल्हं थांबवलं. म्हणाले, "हा आपला धुरा. आणि हा धुऱ्यावरचा मोहा. याच्याखाली बैल बांधायचो."

तेवढ्यात डोंगा पुढे गेला आणि ते चित्र डावीकडून निघूनही गेलं. बाबांनी वळवून पुन्हा त्यावर नेलं. मोह्यापासून चाळीस फूट सोडून कडक जमिनीवर जाळं लावलं. पहाटे काढलं, एक गाठही तुटली नव्हती. चार रोहू आणि एक मरळ.

ती जागा पुन्हा सापडावी असं बाबांना फार वाटतं. जीपीएस नाही, मग खूण कशी ठेवू?

गाळमोजणी
मोह्याच्या अगदी वर थांबा. काठावरच्या दोन उंच गोष्टी एकामागे एक येतात का बघा, उदाहरणार्थ पुलाचा मनोरा आणि त्यामागचं एखादं झाड. ती एक रेघ झाली. मग दुसऱ्या दिशेला, चैतन्येश्वराच्या टेकडीकडे, अशीच दुसरी जोडी शोधा. दोन रेघा जिथे छेदतात तिथे मोहा. वहीत चित्र काढून ठेवा आणि पाण्याची खोली तारखेसह लिहा, कारण धरणाची पातळी बदलली की स्क्रीनवरचा आकडाही बदलेल.