सिंकमागच्या अरुंद फटीत सिलिकॉन कसं भरायचं? गन आत जातच नाही

कोथरूडकर
ओट्याचा काळा ग्रॅनाइट आणि मागच्या डाडो टाइल्स यांच्यामध्ये ३ ते ५ मिमीची फट आहे. लांबी साधारण ९ फूट. बाकी ठिकाणी अडचण नाही, पण सिंकमागे नळाचं बूड आणि भिंत यांत जेमतेम दोन बोटं जागा आहे. तिथे गन तिरकी करूनही नोझल फटीपर्यंत पोचत नाही. प्लंबरने दोनदा व्हाइट सिमेंट भरलं, दोन्ही वेळा वर्षाच्या आत तडा गेला. आता खालच्या कपाटाचा मागचा प्लाय ओला होतोय.
अशाच आणखी दोन जागा आहेत: कमोडची मागची बाजू, आणि पश्चिमेच्या स्लायडिंग खिडकीची बाहेरची कड (चौथा मजला, बाहेरून ग्रिल). पाऊस सुरू व्हायच्या आत तिन्ही कामं करायची आहेत. कोणतं सिलिकॉन घेऊ आणि आत पोचवू कसं?

पाना_पक्कड
दादा, व्हाइट सिमेंट तिथे टिकणारच नाही. ग्रॅनाइट कडाप्प्यावर टेकलेला, टाइल्स भिंतीला चिकटलेल्या. गरम कुकर ठेवला, जड पातेलं आदळलं की ओटा केसभर हलतो, भिंत हलत नाही. सिमेंटला ताण सोसत नाही, म्हणून ते दोघांपैकी एकाची बाजू सोडतं. तिथे लवचीक मालच हवा.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं असिटिक स्वस्त पडतं, काचेला उत्तम चिकटतं. पण त्यातून सुटणारं आम्ल सिमेंटशी झगडतं आणि पकड मागाहून सुटते. संगमरवर, आरशाची पाठ, पितळ यांनाही ते चालत नाही. सिंकजवळ बुरशीरोधक, म्हणजे सॅनिटरी प्रकार मागा. ट्यूबवरची तारीख दुकानातच बघा. मुदत संपलेलं सिलिकॉन दिसायला ठीक असतं, पण आठवडाभर चिकटच राहतं, वाळत नाही. पुण्यातल्या बोहरी आळीत (हार्डवेअरचा बाजार) न्यूट्रल सहज मिळतं, गल्लीतल्या दुकानात बहुतेक वेळा असिटिकच पुढे करतात.

आता अरुंद जागा. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. २० मिलीची घेऊ नका, दट्ट्या जितका रुंद तितका अंगठ्याला जोर जास्त लागतो आणि रेघ थरथरते. सिरिंजचं नाक अर्धं कापा. उरलेल्या बुंध्यावर फिशटँकच्या हवेच्या नळीचा ४ इंची तुकडा घट्ट बसवा, टोक तिरकं कापा. दट्ट्या काढून मागच्या बाजूने गनने सिलिकॉन भरा, वरचे १-२ मिली रिकामे सोडा. दट्ट्या परत घालताना हवा अडकते आणि पुढे तीच फुसकन बाहेर येऊन रेघ तोडते. म्हणून दट्ट्याच्या कडेने एक बारीक तार आत ठेवा, दट्ट्या दाबा, हवा निघाली की तार ओढून घ्या.

४ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल फटीला १० मिलीत अर्धा मीटर निघतो, म्हणजे नळामागच्या भागाला एक सिरिंज पुरते. भरली की लगेच वापरा. राहिलेल्या ओट्याला नेहमीची गन चालेल.

पण खरं काम त्याआधीचं. व्हाइट सिमेंट हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने ५-६ मिमी खोलीपर्यंत खरवडून काढा. ब्लेडच्या एका टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळली की मूठ होते आणि ती दोन बोटांच्या जागेत फिरते. जुनं सिलिकॉन असेल तर त्याचा कण राहू देऊ नका, नवं त्याच्यावर नीट धरत नाही. मग ब्रशने धूळ, कापडाने आयसोप्रोपिल अल्कोहोल. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर राहतो. नंतर फट सुकू द्या. टाइलमागे पाणी मुरलेलं असतं, वरून कोरडं दिसलं तरी आतून ओल वर येते. रात्री सिंक बंद ठेवून सकाळी हेअर ड्रायर फिरवा आणि टिशूचा कोपरा फटीत खोचून बघा. ओला निघाला तर त्या दिवशी काम करू नका.

ताई_औंध
सिरिंजची युक्ती बरोबर. एक भर घालते, कारण अरुंद जागेत हात पोचत नाही तो टेप काढताना. मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या फटीच्या वर आणि खाली चिकटवा, पण एकेक टोक ८-१० सेमी लांब मोकळं ठेवून नळाच्या बाजूने बाहेर काढा. काम झालं की बाहेरूनच ते टोक धरून ४५ अंशांत ओढायचं, आत बोट घालावंच लागत नाही.

रेघ सपाट करायला आइस्क्रीमची काडी घ्या, टोक गोल हवं, अणकुचीदार नको. काडी लहान पडली तर जुन्या टूथब्रशच्या दांड्याला टेपने बांधा. एकाच दिशेने एकच फेरा. परत परत फिरवलं की सिलिकॉन वर उचलतं आणि कडेला सुरकुती पडते. टेप लगेच, पापुद्रा धरायच्या आत काढा. मालानुसार १० ते २० मिनिटं मिळतात. मेमधल्या दुपारी भिंत तापलेली असेल तर त्याहूनही कमी, म्हणून सकाळी करा.

साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा सल्ला सगळीकडे मिळतो. अशा जागी मारू नका. पाणी फटीत उतरतं आणि जिथे सिलिकॉन अजून टेकलेलं नाही ती कड निसरडी होते. काडी फक्त बुडवून झटकून घ्या. टेप नीट लावलेली असेल तर तीही गरज नाही.

फट ५ मिमीहून रुंद आणि खोल असेल तर आत फोमची दोरी, बॅकर रॉड, थोडी दाबून बसवा. फटीपेक्षा २ मिमी जाड. माल वाचतो हा फायदा आहेच, पण मुख्य म्हणजे सिलिकॉन तळाला चिकटत नाही, फक्त दोन बाजूंना धरतं आणि ओटा हलला तर मोकळेपणाने ताणलं जातं. तळाला चिकटलं की मधूनच फाटतं.

कोथरूडकर
दोघांचे आभार. नळ पुन्हा कधी वापरायचा? आणि नळाच्या बुडाभोवतीही गोल रेघ मारू का?

ताई_औंध
सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने वाळतं, २४ तासांत साधारण २-३ मिमी. ५ मिमी खोल रेघेला दोन दिवस द्या. पुण्यात मेमध्ये हवा कोरडी असते, शिवाय नळामागे वारा नाही, म्हणून तिसरा दिवस धरलेला बरा. तोपर्यंत भांडी बाथरूममध्ये धुवा.
नळाच्या बुडाखाली रबरी वायसर असतो, पाणी त्यानेच थांबायला हवं. तिथून गळत असेल तर ओट्याखालून नळ घट्ट धरणारा चेकनट आवळा. वर सिलिकॉन फासलं तर पुढे नळ बदलताना ग्रॅनाइटवर ओरखडे पडतात.

पाना_पक्कड
कमोडचं बूड पुढून आणि दोन्ही बाजूंनी भरा, मागचा २-३ इंच भाग मुद्दाम मोकळा सोडा. पॅन कॉलर (कमोड आणि ड्रेनेजचा पाइप जोडणारा रबरी तुकडा) गळायला लागली तर पाणी तिथून फरशीवर येतं आणि लगेच कळतं. सगळीकडून बंद केलं तर तेच पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि पहिली खबर खालच्या मजल्यावरून येते. म्हणजे तुमची दुसरी अवघड जागा भरायचीच नाही.

खिडकीचं बाहेरचं काम ग्रिलमधून हात घालून करू नका. चौथ्या मजल्यावर वाकून मारलेली रेघ हमखास तुटक येते, आणि जीव धोक्यात घालायचं कारण नाही. सोसायटीत दोरीवरून रंगकाम करणारे येतात, त्यांना एका फेरीत सगळ्या फ्लॅटच्या पश्चिमेच्या खिडक्या करायला सांगा. माल न्यूट्रल वेदरप्रूफ, स्वतः आणून हातात द्या. एक गोष्ट कामाला लागायच्या आधी बजावा: अॅल्युमिनियमच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला छोटी लांबट भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बंद झाली की पाणी ट्रॅक भरून घरात उतरतं, आणि सिलिकॉन करूनही गळतंय अशी तक्रार सुरू होते. आतून आजच एक काम करा: ट्रॅकमधली माती ब्रशने काढा, तांब्याभर पाणी ओता आणि बघा. मिनिटभरात बाहेर गेलं नाही तर भोकं तुंबली आहेत, तार घालून मोकळी करा. तेवढ्याने गळती थांबली तर दोरीवाल्याची गरज पडणार नाही.