सोलापूरच्या जुन्या कागदांसाठी सामाईक डिजिटल भांडार हवं का?

मोडीवाचक:
१९३० साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉवर (लष्करी अंमलावर) काम करताना मी दोन हजारांवर पानांचे फोटो काढले. नंतर कळलं, आधी दोघांनी हीच पानं टिपली होती. एकाची पेनड्राइव्हवर, दुसऱ्याची बंद पडलेल्या लॅपटॉपमध्ये. जीर्ण कागद तीनदा हाताळले गेले. विद्यापीठ, महाविद्यालयं, वाचनालयं यांनी मिळून एक भांडार उभारावं: स्कॅन, मोडीचं लिप्यंतर, नावांची सूची. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषांत कागद आहेत. एकट्याला झेपणारं काम नाही हे. 'सोलापूर' शोधलं तर 'शोलापूर' लिहिलेलं निसटतं, माणसांच्या नावांचं तर विचारूच नका.

हिशेबनीस:
माझा विरोध आहे. ब्रिटनमध्ये १९९६ साली कला आणि मानव्यविद्यांचं डिजिटल साहित्य जपणारी आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज डेटा सर्व्हिस सुरू झाली, २००८ मध्ये तिचा निधी थांबला. अमेरिकेत मेलन फाउंडेशनच्या पैशावर चाललेला प्रोजेक्ट बांबू, मानव्यविद्यांच्या अभ्यासकांसाठी सामाईक डिजिटल सोयी उभारायचा प्रकल्प, काही वर्षांतच गुंडाळला. आपल्याकडे अनुदान संपल्यावर सर्व्हरचं बिल कोण भरणार? तेवढ्या पैशात दोन मोडी जाणकारांना पाच वर्षं पगार द्या.

मोडीवाचक:
ट्रान्सक्रिबसचं उदाहरण बघा, हस्तलिखितं वाचणारी संगणक प्रणाली. तीही युरोपीय निधीवरच वाढली. तो संपत आला तेव्हा, २०१९ मध्ये, त्यांनी रीड-कोऑप ही सहकारी संस्था काढली आणि विद्यापीठं, ग्रंथालयं सभासद झाली. सूतगिरण्या, साखर कारखाने, बँका सहकारात चालवलेल्या जिल्ह्याला हे शिकवावं लागणार नाही.

हिशेबनीस:
त्या प्रणालीला शिकवायलाही आधी माणसाने वाचलेली पानं लागतात. मोडीत ओळभर रेघ आधी ओढतात, शब्द तोडत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात, मोडी २०१४ साली आली, पण त्यात टंकलेली पानं किती सापडतात? आधी माणसं.

विडी घरकुल:
मी अभ्यासक नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठीत झाली. आजोबा गिरणीत होते. पगारपत्रकात उचल, आजारपणाची रजा, दंड सगळं लिहिलेलं असतं. माझ्या आजोबांना झालेला दंड कोणीही घरबसल्या वाचावा, हे मला नको आहे. आणि आम्हाला विचारणार कोण? तुम्ही दोघंही पैशावर भांडताय, कागदातल्या माणसांचं कुणी बोललंच नाही.

मोडीवाचक:
ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पगारपत्रकं खुली ठेवू नयेत. ज्याला हवीत त्याने कारण सांगून मागावीत, आणि ते ठरवताना गिरणी कामगारांच्या घरची माणसं बसावीत. हिशेबनीस, पगार आधी हे मान्य. पण ते दोघं पाच वर्षं जे वाचतील, ते ठेवणार कुठे? पुन्हा पेनड्राइव्हवर?

हिशेबनीस:
वाचून झालेल्या पानांपुरतंच भांडार असेल आणि ताई म्हणतात ती समिती आधी बसणार असेल, तर सभासद वर्गणी भरतो. इमारतीची भाषा सुरू झाली की मात्र मी नाही.

विडी घरकुल:
समितीत उर्दू वाचणारंही कुणी घ्या. लष्कर भागातल्या घरांतले कागद नाहीतर तसेच राहतील.