स्टँड-अप जेट स्कीच्या हलमधला फोम उपसून टाका म्हणणाऱ्यांना

ऑस्टिनकर

परवा इथे एकाने लिहिलं की जुनी सुपरजेट (यामाहाची, उभं राहून चालवायची जेट स्की) घेतली आहे, हलमधला, म्हणजे स्कीच्या पोकळ अंगातला, सगळा फोम काढतोय, वजन वाचेल, चांगला बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) बसवला की विषय संपला. खाली एकामागून एक "बरोबर", "मीही हेच केलं". ते वाचून झोप उडाली, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं उलट आहे. असलेला फोम काढू नका आणि जागा असेल तिथे अजून घाला.

आधी वजनाचं बघू. पीयू (पॉलियुरेथेन) फोमचं वजन घनमीटरला साधारण ३२ किलो. ८० लिटर फोम म्हणजे अडीच किलो. तुमच्या भरलेल्या टाकीतलं पेट्रोल त्याच्या कितीतरी पट जड आहे. आणि हाच ८० लिटर फोम पाण्याखाली गेला की सत्त्याहत्तर किलो वर ढकलतो. टू-स्ट्रोक सुपरजेटचं शेवटचं मॉडेल कोरडं १३९ किलो. पाण्यात बुडालेलं फायबर निम्म्याहून जास्त हलकं होतं, ॲल्युमिनियम तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, लोखंड जेमतेम आठव्या हिश्श्याने. अंदाजे बेरीज केली तर बुडालेल्या स्कीला पंचाहत्तर किलोच्या आसपास आधार लागतो. म्हणजे तरंगणं आणि तळाला जाणं यातलं अंतर एवढ्याशा फोमचं आहे.

आता पंप. तासाला ५०० गॅलनचा पंप म्हणजे कागदावर मिनिटाला ३१ लिटर. उंचीवर पाणी चढवताना आणि बॅटरी उतरलेली असताना याच्या निम्मं मिळालं तरी खूप. पाण्याखाली १५ सेंटिमीटरवर तीन सेंटिमीटरचं भोक पडलं तर आत येणारं पाणी मिनिटाला चाळीस लिटरच्या पुढे. एक्झॉस्टचा होज निसटला किंवा ड्राइव्हशाफ्टचं (इंजिनपासून पंखा फिरवणाऱ्या दांड्याचं) सील गेलं की एवढं भोक सहज होतं. सायफनवाला बिल्ज (जेटच्या प्रवाहावर पाणी ओढणारा) तर इंजिन चालू असेपर्यंतच ओढतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलेलं असतं.

ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर माझ्या मित्राची स्की अशीच होज निसटून गेली. फोम काढलेला, पंप नवाकोरा. पंपाची घरघर ऐकू येत होती, बॅटरी पाण्याखाली गेली तशी ती थांबली. मागची बाजू खाली, नाक आभाळाकडे, मग हूडच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) फटीतून बुडबुडे, मग काही नाही. धरणाच्या अंगाला तिथे दीडशे फुटांहून जास्त खोल आहे. पाणबुडे बोलावण्याचा खर्च स्कीच्या किमतीपेक्षा जास्त निघाला. ती अजून तिथेच आहे.

लाटांवरचा

ऑस्टिनकर, तुमची बेरीज कोरड्या फोमची आहे. जुन्या हलमध्ये कोरडा फोम कोणी पाहिलाय?

मी दुबईत राहतो, समुद्रात चालवतो. कावासाकीची जुनी ५५० स्टँड-अप घेतली होती. ट्रेखालचं (उभं राहायच्या जागेखालचं) फायबर कापलं, तर आत फोम कसला, चहात बुडवून ठेवलेला पाव. पिवळा रंग जाऊन काळपट तपकिरी झालेला. पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढायचा, मुठीत पिळला की पाणी, पेट्रोल आणि कुजका वास. दोन बादल्या भरल्या. आतल्या थरात पाणी किती वर्षांपासून होतं देव जाणे. मागची बाजू एवढी जड की नाक खाली येतच नव्हतं. तो काढल्यावर स्की नव्याने हातात आली.

फोम ओला झाला की सुकत नाही. उन्हात ठेवा, हूड उघडून ठेवा, काही होत नाही, कारण चारही बाजूंनी फायबर आहे. फोममुळे हल आतून तपासताही येत नाही. रिकाम्या हलमध्ये चीर पडली तर टॉर्च लावून दिसते. फोमखालची चीर तुम्हाला स्की जड झाल्यावरच कळते.

तुमच्या मित्राची स्की फोम नव्हता म्हणून बुडाली, असं मी म्हणणार नाही. होजचा क्लॅम्प सैल होता म्हणून बुडाली. क्लॅम्प दुहेरी लावा, सील दर मोसमात बदला. रोगावर इलाज करा.

ऑस्टिनकर

क्लॅम्प सैल होणारच नाही असं गृहीत धरून कोणी पाण्यात उतरत नाही. ओल्या फोमचं म्हणाल तर ते पटलं, पण तो फोमचा दोष आहे की ओतणाऱ्याचा? हलच्या तळाशी ओतलेला फोम बिल्जच्या पाण्यात बसून राहतो, तो भिजणारच. कोणी सांगितलं तळाशी ओता म्हणून?

रेझिनवाला

दोघांनाही नमस्कार. मी रेवदंड्याकडे फायबरच्या होड्या बांधतो. जेट स्की दुरुस्तीला येतात त्या बसून चालवायच्या, स्टँड-अप क्वचित. पण फायबर ते फायबर.

फोम कुठे घालायचा यावर कोणी बोलत नाही. तळाला घातला तर भिजतो हे झालंच. शिवाय आधार खाली आणि इंजिनचं वजन वर राहिलं की पाणी भरल्यावर वाहन उलटं होतं आणि उलटंच राहतं. नुसता नाकात घातला तर मागची बाजू खाली जाऊन काठीसारखं उभं राहतं. फोम हवा वर, दोन्ही बाजूंच्या भिंतींना, हूडच्या कडेखाली, थोडा मागे ट्रेच्या बाजूंना. मग पाणी भरलं तरी आडवं राहतं आणि माणसाला धरता येतं.

ओतायचा पीयू एकदम ओतू नका. दोन डबे मिसळले की उकळल्यासारखा फुगतो, आत उष्णता धरतो, जाड थराचा गाभा करपतो. बंद खणात ओतला तर डेक, म्हणजे वरचं आवरण, उचलून ठेवतो. असं फुगवलेलं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलंय, सांधा बोटभर उघडा होता. थोडा थोडा ओतायचा आणि हवेला वाट ठेवायची.

आणि कृपा करून थर्माकोल भरू नका. स्टीलच्या ताटलीत थर्माकोलचा तुकडा ठेवा, वरून पेट्रोलचे चार थेंब टाका. डोळ्यांदेखत बसतो, खाली चिकट पांढरा लगदा उरतो. इंजिनच्या खोलीत पेट्रोल गळतंच. पॉलिएस्टर रेझिनही थर्माकोल खातं. आमच्याकडे होड्यांच्या बंद पेटाऱ्यांत लोक अजून हाच भरतात, स्वस्त म्हणून.

निर्मळ_किनारा

रेझिनवाले दादा, तुम्हीच विषय काढलात म्हणून बोलते. हा पेटाऱ्यातला थर्माकोल होडी फुटली की जातो कुठे? आम्ही दर पावसाळ्यानंतर किनारा साफ करतो. बाटल्या उचलता येतात, दोर उचलता येतो, हे पांढरे मणी उचलता येत नाहीत. वाळूत बोट घातलं की निघतात. चाळणीने चाळले तरी निम्मे उरतात. पक्षी ते खातात. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या ताटल्या-वाट्यांवर बंदी आली, मखराचा थर्माकोल गेला, पण बंदरावर बघा, डोंगर आहेत. तुम्ही इथे हौसेच्या गाड्या तरंगवायला अजून फोम घाला म्हणताय. तो फोम शंभर वर्षांनीही समुद्रातच असेल.

गाबीत_मालवणचो

ताई, बंदरावरचे डोंगर कोणाचे ते आधी बघा. ते बर्फाचे खोके आहेत, मासळी बाहेर पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचे. आमच्या जाळ्याचे बोये आता प्लास्टिकचे असतात. दरवेळी किनारा घाण झाला की बोट मच्छीमाराकडे, हे ऐकून कान किटले. आणि समुद्राची एवढी काळजी आहे तर रात्री एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्यांवर बोला. २०१७ साली बंदी आली, आजही रात्री किनाऱ्यावरून दिवे दिसतात. पिल्लांसकट मासळी उचलून नेतात. आमच्या रापणीत, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, मग काय येणार? मणी?

निर्मळ_किनारा

एलईडीचा प्रश्न मोठा आहे, मान्य. म्हणून खोक्यांचा प्रश्न संपत नाही. खोके कोणी आणले यापेक्षा कोणी उचलले हे मी विचारतेय. बंदरावर रिकामे खोके परत घ्यायची सोय का नाही? तुमची मच्छीमार सोसायटी हे मागू शकते.

गाबीत_मालवणचो

सोसायटीने काय काय मागायचं? डिझेलचा परतावा वेळेवर मागायचा, जेट्टीचा गाळ काढायला मागायचं, आता खोकेही आम्हीच मोजायचे. ज्याचा माल त्याने खोका न्यावा. तुम्ही व्यापाऱ्याच्या दारात एकदा तरी गेलात काय? आमच्याच दारात येता, कारण आम्ही किनाऱ्यावर राहतो. आमका सांगूक सोपा ना!

निर्मळ_किनारा

गेलेय. हाकलून दिलं. म्हणून तर तुमच्याकडून साथ मागतेय आणि तुम्ही भांडताय.

लाटांवरचा

धागा हलमधल्या फोमचा आहे. खोके आणि एलईडीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे येईन.

गाबीत_मालवणचो

दुबईत बसून मालवणच्या माणसाला कुठे बोलायचं ते शिकवू नका. समुद्रात काय तरंगतं आणि काय बुडतं हा आमच्या जिवाचा विषय आहे, तुमच्यासारखा सुट्टीचा नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देतो. माझ्या काकांची होडी देवगडच्या बाहेर लाटेने भरली. पेटाऱ्यात थर्माकोल होता, तोच, ताईंचा नावडता. होडी काठोकाठ भरली पण खाली गेली नाही. चौघे कडेला धरून रात्रभर राहिले, सकाळी दुसऱ्या होडीने उचलले. पंप त्यांच्याकडेही होता. आता बोला.

निर्मळ_किनारा

चौघे परत आले हे फार बरं झालं. त्या थर्माकोलला मी नाव ठेवणार नाही. पण पेटारा फायबरने नीट बंद केलेला असावा, एवढं तरी मान्य कराल?

गाबीत_मालवणचो

तेवढं करतो. तो बंदच होता, म्हणून तर टिकला.

लाटांवरचा

मालवणच्या दादांना रागाने लिहिलं असेल तर ते शब्द मागे घेतो, मुद्दा घेत नाही. होडीवर चार माणसं असतात आणि किनारा मैलभर दूर असतो. स्टँड-अपवर एकटा माणूस असतो, अंगात लाइफ जॅकेट असतं, किनारा दिसत असतो. होडी तरंगली तर जीव वाचतो, स्की तरंगली तर पैसे वाचतात. दोन्हीला एकच नियम लावू नका.

ऑस्टिनकर

इथेच तुमचं चुकतं. थंड तळ्यात किंवा भरती ओसरताना खाडीच्या तोंडाशी पडलेल्या माणसाला किनारा दिसतो, गाठता येत नाही. पाण्यात नुसतं डोकं दिसत नाही, रंगीत हल दिसतो. शोधणारा हल शोधतो. मलाही त्या चौघांसारखं, स्कीच्या नाकाला धरून राहायला मिळालं तर पुरे.

दुसरी गोष्ट, बुडणं दूरच राहू द्या. लाटेत उलटी झाली आणि हूडमधून पाणी शिरलं की रिकाम्या हलमध्ये शंभर लिटर मावतं, म्हणजे शंभर किलो. फोम असेल तर तेवढी जागाच नसते. उरलेल्या पाण्यासकट स्की सुरू झाली तर किनाऱ्यापर्यंत येते. लाटांवर खेळणारे तुम्हीच, हे तुमच्याच कामाचं आहे.

लाटांवरचा

हा मुद्दा खरा आहे. उलटल्यावर जड झालेली स्की मीही ओढत आणलीय. ठीक, आत भरावाला जागा द्यायला तयार आहे, ओतायला नाही. पोहायला शिकवताना वापरतात त्या पॉलिथिलीनच्या लांब नळ्या असतात ना, त्या बाजूंना पट्ट्याने बांधायच्या. पाणी धरत नाहीत, पेट्रोलने विरघळत नाहीत, मोसम संपला की काढून हल पुसता येतो, चीर बघता येते. ओतलेला फोम माझ्या हलमध्ये या जन्मात जाणार नाही.

रेझिनवाला

नळ्या चालतील, फक्त एक्झॉस्टच्या डब्यापासून वीतभर लांब, नाहीतर मऊ पडून लोंबतात आणि शाफ्टच्या कपलरमध्ये (इंजिन आणि शाफ्टच्या फिरत्या जोडात) अडकतात. पट्टाही कपलरच्या बाजूला नको. इंजिनला हवा येते तो मार्ग आणि हूडखालची हवा खेळायची जागा बुजवू नका, पेट्रोलची वाफ कोंडली की एक ठिणगी पुरते. पण नळ्यांमध्ये फटी राहतात, तेवढ्याच जागेत ओतलेल्या फोमइतका आधार मिळत नाही. ऑस्टिनकरांनी सांगितलेले सत्त्याहत्तर किलो त्यातून निघणार नाहीत. नाकातला कंपनीचा फोम कोरडा असेल तर तो राहू द्या आणि नळ्या त्याच्या जोडीला घाला.

ऑस्टिनकर

कोरडा आहे की नाही हे कापल्याशिवाय कसं बघायचं, ते सांगा. मूळ पोस्टवाल्याला तेच हवंय, तो उपसायच्या बेतात आहे.

रेझिनवाला

आधी वजन करा. दोन काटे घ्या, एक नाकाखाली, एक मागे, टाकी रिकामी, बॅटरी काढलेली. कंपनीच्या कोरड्या वजनापेक्षा पाच-सात किलो जास्त भरलं तर डागडुजीचं रेझिन असेल, वीस भरलं तर पाणी आहे. मग बोटाने ठोकत जा, भिजलेल्या जागी आवाज बद्द येतो. तिथे सहा मिलिमीटरचं एकच भोक पाडा, पेन्सिलीएवढा तुकडा काढा, टिश्यूत दाबा. टिश्यू कोरडा राहिला तर भोक इपॉक्सीने बुजवा आणि फोमला हात लावू नका. ओला झाला तर तेवढाच खण उघडा, सगळी स्की नको.

लाटांवरचा

आणि खण उघडलात तर परत ओतू नका.

ऑस्टिनकर

वरच्या बाजूला ओता.