ग्राहक आयोगासाठी तज्ज्ञ डॉक्टरचं मत कसं मिळवायचं? मदत हवी आहे

नात्यातल्या पेशंटचं पित्ताशय दुर्बिणीतून काढताना मुख्य पित्तनलिका कापली गेली. कावीळ झाल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलात ती आतड्याला जोडावी लागली. पहिलं हॉस्पिटल खाजगी, बिलं भरल्याच्या पावत्या आहेत, म्हणजे ग्राहक कायद्यात बसतं. २ वर्षांच्या मुदतीतले ५ महिने उरलेत.

संमतीपत्र, ऑपरेशन नोट्स, डिस्चार्ज कार्ड लेखी अर्ज देऊन मिळवलं (७२ तासांत द्यायचा नियम आहे, तो दाखवावा लागला). व्हिडिओ मात्र ‘सेव्ह केलेला नाही’ म्हणतात. नोट्समध्ये कापण्याआधी नलिका ओळखली कशी, याबद्दल एक ओळ नाही. माझ्या मते केस तिथेच आहे, कारण अशी इजा ही माहीत असलेली गुंतागुंत; नुसत्या इजेवरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

ज्या दुसऱ्या सर्जनना मत विचारलं ते तोंडी ‘चुकलंय’ म्हणतात, शपथपत्राचं नाव काढलं की गप्प. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागतोच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने किशन राव निकालात (२०१०) म्हटलंय, पण इथे तेवढ्यावर भागेल असं वाटत नाही. फौजदारी तक्रार करायची नाही.

आधी तक्रार दाखल करून आयोगामार्फत शासकीय मेडिकल कॉलेजच्या समितीचं मत मागवावं, की परगावच्या सर्जनचं लेखी मत सुरुवातीलाच जोडावं?