‘टॅलिझमन’ला ताईत म्हणावं का?

प्रश्न : ‘सॉलोमनची किल्ली’सारख्या जुन्या युरोपीय मंत्रग्रंथांचं मराठी भाषांतर करताना टॅलिझमनला (मंत्रवलेल्या वस्तूला) ‘ताईत’ आणि पेंटॅकलला (मंत्रवलेल्या आकृतीला) ‘पंचकोन’ चालेल का?

– पंचकोन नकोच. नाव फसवं आहे. ‘किल्ली’च्या १८८९ च्या इंग्रजी आवृत्तीत ४४ पेंटॅकल आहेत. बहुतेक वर्तुळात काढलेले. आत अक्षरं, नावं, चौकोन, काहीही. शनीच्या दुसऱ्या पेंटॅकलमध्ये तर ‘सातोर आरेपो’ हा उलटसुलट वाचता येणारा शब्दचौकोन आहे. सरळ मंत्रतंत्रातलं ‘यंत्र’ म्हणा.

– ताईत मुख्यतः रक्षणासाठी. तो शब्द अॅम्युलेटला द्या. टॅलिझमन ठरावीक कामासाठी घडवलेला असतो, आणि ते काम वाईटही असू शकतं. जर्मन गूढविद्या-लेखक अग्रिप्पाच्या १५३३ च्या ग्रंथातला शनीचा चौकोन बघा :

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरकी, कुठूनही बेरीज १५, एकूण ४५. आपलं पंधराचं यंत्रच की! अग्रिप्पा म्हणतो, शनी अनुकूल असताना हा शिशाच्या पत्र्यावर कोरला तर बाळंतपण सुखरूप होतं, राजाकडचा अर्ज मान्य होतो. शनी प्रतिकूल असताना हाच चौकोन बांधकाम अडवतो, मानातून उतरवतो, भांडणं लावतो. याला ताईत कसं म्हणणार? ‘गळ्यातला ताईत’ म्हणताना आपल्या मनात काय असतं!

– थोडी दुरुस्ती. ताईत ही पेटी, यंत्र आतलं. चर्मपत्रावर लिहून गळ्यात अडकवलेलं असेल तर दोन्ही शब्द लागतील. शिशाच्या पत्र्याला मात्र नुसतं यंत्र.

– चर्मपत्रावरून आठवलं : ‘व्हर्जिन पार्चमेंट’चं भाषांतर ‘कोरं चर्मपत्र’ करतात, ते चूक. वयात न आलेल्या जनावराचं कातडं, असा अर्थ आहे. पेंटॅकलचे ग्रहांनुसार ठरलेले रंगही बदलू नका : शनी काळा, गुरू निळा, मंगळ तांबडा, शुक्र हिरवा.

– ‘प्लॅनेटरी अवर’ला (एकेका ग्रहाच्या अमलाखालच्या तासाला) ‘ग्रहतास’ कशाला? ‘होरा’ आहे ना, तोही मूळ ग्रीकच. फक्त ६० मिनिटांचा धरू नका. सूर्योदय ते सूर्यास्त भागिले १२. लंडनला जूनअखेर दिवस साडेसोळा तासांचा, म्हणजे होरा ८२ मिनिटांच्या वर जातो. ‘किल्ली’ पेंटॅकल बुधवारी बुधाच्या होऱ्यात, चंद्र वाढता असताना करायला सांगते. त्या दिवशी पहिला होरा बुधाचा, मग सात ग्रहांची पाळी संपली की आठवा. घड्याळी तास मोजलेत तर आठव्याच्या जागी भलताच ग्रह येईल.